एक नारळ भाट्यावर, दुसरा जेद्दाला

नाही, पण मी म्हणतो, विश्व ही काय अंगठ्याने मोजायची वस्तू आहे? बसल्या जागी फोनवर अंगठा सरकवायचा, सूर्य गेला मागे, गुरू आला पुढे, चहाचा कप संपायच्या आत सूर्यमाला खलास, आणि वर मान डोलवून म्हणायचं, कळलं हो मला अंतर किती ते. कसलं कळलं? पायाला वाळू लागली नाही, खांदा भरून आला नाही, मग कळलं कुठून? मी पस्तीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरावर दोर विकतोय, गंगाराम शेटचं दुकान विचारलंत तर मांजरसुद्धा आणून सोडील, आणि पस्तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगत आलोय... वाव म्हणजे वाव.

आता वाव काय हे तुमच्यात कोणाला ठाऊक नसेल तर सांगतो. दोन्ही हात आडवे पसरायचे, ह्या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत, झाला एक वाव. खलाशी पाण्याची खोली वावात सांगतो, दोर वावात मागतो, मीटर म्हटलात तर तुमच्याकडे असा बघतो की जणू तुम्ही त्याच्या होडीत लग्नाची वरात न्यायला आलात. पण माणसामाणसाचे हात वेगळे, म्हणून माझ्या वडिलांनी दुकानातल्या फणसाच्या फळीवर दोन पितळी खिळे ठोकून ठेवले, मधे बरोबर सहा फूट. ह्या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोर ताणला की एक वाव. वडील गेले, लाकडी होड्या गेल्या, नायलॉन आला, पण खिळे तिथेच. रोज सकाळी आधी खिळे चिंचेने घासतो, मग देवाला उदबत्ती लावतो. देव उशिरा झाला तर समजून घेतो, गिऱ्हाईक घेत नाही.

आणि ह्या खिळ्यांवर डोळा कोणाचा, तर नझीरचा. नझीर तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र, आता होडीवरून उतरलाय, पण रोज सकाळी माझ्या बाकावर बसून माझ्या मापाला नावं ठेवल्याशिवाय त्याला न्याहारी पचत नाही. "गंगाराम, खिळे बरोबर होते रे तुज्या बापाचे, पण फळी आटली. फणस आटतो. चाळीस वर्षांत बोटभर तरी आटला आसेल. म्हंजे दर वावाला बोटभर तू खातंस." अरे, पण तुझे हात बघ की. हा माणूस उभा राहिला तर बोटं गुडघ्याला लागतात, देवाने घडवताना वरचं सामान जास्त घातलंय, त्याच्या वावात माझा वाव आणि वर एक वीत बसते. मी हे पंचवीस वर्षं समजावतोय. तो पंचवीस वर्षं मान हलवतोय आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणतोय, "बग हां, फळी आटलीय."

तर गोष्ट डिसेंबरातली. माझी धाकटी, नम्रता, पालीला शाळेत विज्ञान शिकवते. ती आली दुकानात आणि म्हणाली, बाबा, हे बघा, मुलांना दाखवायला शोधून काढलंय. फोनवर एक सरकपट्टी, ती डावीकडे ढकलली की आपण बारीक होत जातो, मुंगी, मुंगीच्या पायावरचा केस, त्याच्याही आतलं काहीतरी, आणि उजवीकडे ढकलली की मोठं. मी ढकलली उजवीकडे. माणूस, हत्ती, डोंगर, आणि तुम्हाला सांगतो, तिसऱ्या ढकलीला रत्नागिरी गेली, चौथ्याला देश गेला, पाचव्याला पृथ्वी म्हणजे हे एवढंसं टिंब. गिऱ्हाइकात धाकू उभा होता, ट्रॉलरवाला, जिभेला हाड नसलेला, तो मान आत घालून म्हणतो, "शेट, जरा मागे घ्या, माजा ट्रॉलर दिसतो काय बगतो, डिझेल भरायचा ऱ्हायलाय."

मग तिने दुसरं दाखवलं. ह्यात चंद्र म्हणजे एक ठिपका धरलाय आणि बाकी सगळं त्याच मापात, तुम्ही आपलं आडवं सरकवत जायचं. मी सरकवायला लागलो. सूर्य गेला. काळं. आणखी काळं. बुध आला, गेला. काळं. आता माझा अंगठा म्हणजे दोर ओढून ओढून घोड्याच्या टापेसारखा झालेला, फोनला तो अंगठाच वाटत नाही, दहा वेळा घासावा तेव्हा एकदा हलतो. पाऊण तास मी घासतोय, मधे दोन गिऱ्हाइकं झाली, एक पृथ्वी झाली, मंगळ कधी गेला कळलं नाही, गुरू आता येईल म्हणून चष्मा पुसला, तर नझीरने "बगू काय करतंस" म्हणून बोट लावलं आणि आम्ही दोघेही परत सूर्यावर. पाऊण तासाचा प्रवास. मी फोन ठेवला आणि म्हटलं, नम्रता, ह्यात खोट आहे. ती म्हणाली, बाबा, आकडे अगदी बरोबर आहेत. म्हटलं, आकड्यात नाही गो, अंगठ्यात खोट आहे. अंतर असं कळत नाही. अंतर पसरून बघावं लागतं. वाव म्हणजे वाव.

आणि इथे तो धाकू बोलला. बोलला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. म्हणाला, "शेट, तुमच्या वावाने मोजा की सूर्य. म्हंजे जरा जवळ येईल."

दुकानात सात माणसं होती. सातही हसली. नझीर तर बाकावरून घसरला. आता मी हसण्यावारी नेतो पुष्कळ गोष्टी, धंदा करायचा तर कातडी जाड लागते, पण माझ्या वडिलांच्या खिळ्यांसमोर उभं राहून असं बोलायचं? मी हिशेबाची पाटी पुसली आणि म्हटलं, येत्या रविवारी सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर या सगळ्यांनी. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत दोर टाकतो, ह्या खिळ्यांवर मोजून. नम्रता फोनवर मीटरमध्ये तपासेल, फोन काय माझा नातेवाईक नाही. कमी भरला तर हे दोन्ही खिळे तुमच्यादेखत उपटीन आणि नझीरच्या हाताने नवीन ठोकून घेईन.

नझीर म्हणाला, "पक्कड मी आणतो."

चार दिवस मी आणि नम्रता मापं काढत बसलो. तिने सूर्यासाठी चेंडू सुचवला, मी म्हटलं भाट्यावर चेंडू? कोकणात सूर्य म्हणजे नारळ, सोललेला, शेंडीवाला. आणि नारळाएवढा सूर्य धरला तर बाकीचं कसं बसतं ऐका. पृथ्वी म्हणजे राजगिऱ्याचा एक दाणा, सव्वासात वावावर. हा एवढा दाणा, ज्यावर तुम्ही, मी, धाकूचा ट्रॉलर आणि नझीरचे हात. चंद्र तिथून दोन बोटांवर. गुरू म्हणजे चिंचोका, अडतीस वावावर. आणि नेपच्यून म्हणजे मिरीचा दाणा, दोनशेवीस वावांवर, मीटरमध्ये चारशेतीन. मी विचारलं, मग पुढचा सूर्य कुठे? आपल्या शेजारचा तारा? नम्रताने आकडेमोड केली, दोनदा केली, आणि म्हणाली, बाबा, तिथे तीन तारे एकत्र राहतात, त्यातला एक जवळपास आपल्या नारळाएवढा, पण तो येतो छत्तीस-सदतीसशे किलोमीटरवर. नझीर बाकावर बसून ऐकत होता. म्हणाला, "कुठल्या दिशेला?" ती म्हणाली, चाचा, दिशा काय, कुठलीही धरा. तर म्हणतो, "मग पश्चिमेला धर. जेद्दा तेवढाच लांब हाय. आमचा अद्नान तिथंच हाय, आणि खोलीत तिघेच ऱ्हातात."

म्हणजे बघा. आपला सूर्य भाट्यावर, शेजारचा सूर्य अद्नानच्या खोलीत, आणि मधे काही नाही. नझीरने तिथल्या तिथे मुलाला फोन लावला, "अद्नान, एक नारळ घे आणि खिडकीत ठेव. का म्हणून विचारू नको. गंगाराम चाचाला लागतो."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता माझी चूक सांगतो, आणि ही चूक फक्त दोरवालाच करू शकतो. दोनशेवीस वाव दोर कापायचा, तर मी चांगला नायलॉन कशाला कापू? माळ्यावर वडिलांच्या वेळचा सुती दोर पडला होता, वीस वर्षं कोणी विचारला नव्हता. म्हटलं हा विश्वाला बरा. विश्व काय बोंब मारत नाही, शेट जुना माल दिलात म्हणून. दोन दिवस खिळ्यांवर एकेक वाव ताणून मोजला, ग्रह येईल तिथे चिंधी बांधली. माप चोख. कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगा.

रविवारी सकाळी सहाला मी भाट्यावर. सुरूच्या झाडांखाली वाळू भुसभुशीत, दोर सरळ बसेना, म्हणून पाण्याच्या कडेला कठीण वाळूवर टाकला. नम्रता म्हणाली, बाबा, लोक नऊला येणार. म्हटलं येऊ देत, दोर तयार पाहिजे. आणि तीन तास तो दोर तिथे पडला. दव पडलेलं, लाटेचा फेस येतोय, जातोय, येतोय, जातोय... आणि सुती दोर पाणी पितोय.

काय झालं ते कळलं का तुम्हाला? बंदरावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. सूत भिजलं की फुगतं, फुगलं की दोर आखडतो. मला ठाऊक नाही? मी पस्तीस वर्षं लोकांना सांगतो, भिजला दोर ताणून बांधू नका. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात शनीची कडी, दोराकडे लक्ष कोणाचं?

नऊला सगळं बंदर लोटलं. आधी पृथ्वी हरवली. राजगिऱ्याचा दाणा पुठ्ठ्यावर ठेवला होता, वाऱ्याने गेला, आणि सहा माणसं गुडघ्यांवर बसून वाळूत राजगिरा शोधतायत. भाट्याच्या वाळूत राजगिरा. नम्रता खुश, म्हणते बाबा, हेच तर समजायला हवं होतं लोकांना. धाकू म्हणतो, "ताई, माज्या चपलेखाली आसेल तर माफी आसावी." पण लोक चालत होते हो, नारळापासून चिंचोक्यापर्यंत, तिथून पुढे, पुढे, मधे नुसती वाळू, आणि बडबड हळूहळू कमी होत गेली. मिरीपर्यंत पोचल्यावर मागे वळून नारळ कुठे दिसतो का बघत होते, आणि दिसत नव्हता. मी मनात म्हटलं, बघा. ह्याला म्हणतात अंतर. वाव म्हणजे वाव.

मग नम्रताने फोन बघितला. परत बघितला. मग माझ्याकडे बघितलं, आणि मुलगी आपल्याकडे अशी कधी बघते ते बापाला कळतं. "बाबा, तीनशेब्याऐंशी."

चारशेतीन पाहिजेत. एकवीस मीटर कमी. अकरा वाव. जुन्या काळी तेवढ्या पाण्यात मचवा बुडायचा आणि डोलकाठी दिसायची नाही.

मी वाकून दोर हातात घेतला आणि हाताला ओल लागली तेव्हा सगळं कळलं. ओरडून सांगितलं, दोर भिजलाय, भिजून आखडलाय. तर धाकू काय म्हणाला? "शेट, भिजला दोर आखडतो ह्ये दोर विकणाऱ्याला ठाऊक नाय?" आता ह्याला उत्तर द्या तुम्ही. ठाऊक होतं म्हणावं तर मी लबाड, ठाऊक नव्हतं म्हणावं तर मी मूर्ख. पस्तीस वर्षं ह्या दोन गावांच्या मधून वाट काढली, त्या दिवशी दोन्ही वेशींवर एकदम स्वागत. आणि मागून कोणीतरी बोललं, "लोक मापात पाप करतात ते किलोभर मासळीत. आमच्या शेटने नेपच्यून मारला."

नझीरने खिशातून पक्कड काढली. खरंच आणली होती. मी त्याला बाजूला घेतला. म्हटलं, नझीर, एक रविवार दे. नायलॉन घेतो. नवीन, निळा. तुझ्या डोळ्यांसमोर खिळ्यांवर मोजतो. तेव्हाही कमी भरला तर खिळे मी स्वतः उपटून तुझ्या हातात देतो. त्याने पक्कड खिशात टाकली आणि म्हणाला, "नायलॉनचा दोनशेवीस वाव? विश्व महाग पडणार तुला."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. गिऱ्हाईक येतं, दोर मागतं, मी खिळ्यांवर ताणतो, आणि ते खिळ्यांकडे बघून हसतं. एका म्हातारीने कपडे वाळत घालायला पाच वाव घेतला, पदरात धरला आणि म्हणाली, "वाळला की लांब होईल ना रे?" नम्रता म्हणाली, बाबा, सोडून द्या, मुलांना फोनवर दाखवेन मी. म्हटलं, सोडून? माझ्या वडिलांनी ते खिळे ठोकले तेव्हा मी फळी धरली होती. त्यांनी सहा फूट तीनदा मोजले आणि मग पहिला घाव घातला. आता मी सोडून देऊ?

दुसरा रविवार. निळा नायलॉन, दोनशेवीस वाव, प्रत्येक वाव नझीरने उकिडवा बसून, खिळ्याला नाक लावून तपासलेला. दोर कोरड्या वाळूवर टाकला, हवा तर भिजवा, नायलॉन काय आखडत नाही. राजगिरा गोंदाने चिकटवलेला. नारळ जागेवर. मिरी जागेवर. नम्रताने फोन बघितला. मी समुद्राकडे बघत होतो, फोनकडे बघायचं धाडस नव्हतं.

"बाबा, चारशेतीन."

मी वळलो, लोकांना सांगायला. आणि तुम्हाला सांगतो, मागे कोण होतं? नम्रता, नझीर, नझीरची बायको नसीमा आणि एक कुत्रा. कुत्रा चिंचोक्याचा वास घेत होता. बंदर कुठे? बंदर घरी. पहिल्या रविवारी बघण्यासारखं होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं. नझीर मिरीजवळ उभा राहिला, दोराकडे बघितलं, आणि म्हणाला, "बरोबर हाय." आता ह्या माणसाचा आवाज म्हणजे वादळात एका होडीवरून दुसऱ्या होडीवर शिवी पोचवायचा. ते "बरोबर हाय" मात्र इतकं हळू म्हणाला की कुत्र्यानेसुद्धा कान हलवला नाही.

पण एक गोष्ट झाली त्या सकाळी. आम्ही परत चालत नारळापाशी आलो. नसीमाभाभी तिथेच उभी होती, पश्चिमेकडे तोंड करून. तिने नम्रताला विचारलं, "जेद्दा तिकडं ना गो? म्हंजे दुसरा नारळ तिकडं." नम्रता म्हणाली, हो चाची. "आणि मदी?" मधे काही नाही, चाची, असलीच तर थोडी धूळ. भाभीने पाण्याकडे बघत मान हलवली आणि म्हणाली, "ता मला ठाऊक हाय. सहा वर्सां झाली." मी कधी विचारच केला नव्हता हो. आम्ही आठवडाभर दोर, चिंध्या, फोन घेऊन जे मोजत होतो ते ही बाई रोज सकाळी चुलीपाशी बसून मोजते, आणि तिच्या मापात खोट काढायला कोणी बाकावर बसत नाही.

नझीरला हे असलं सोसत नाही. त्याने घाईघाईने अद्नानला व्हिडिओ लावला. "अद्नान, नारळ दाखव रे तुज्या आईला." पडद्यावर अद्नान, मागे खिडकी, खिडकी रिकामी. पोरगा चाचरतोय. "अब्बा, तो... माझ्या खोलीतला केरळचा आहे ना, त्याला वाटलं आणलाय तर खायलाच. परवा त्याने चटणी केली." आपल्या शेजारचा सूर्य, तुम्हाला सांगतो, इडलीबरोबर. नसीमाभाभी इतकी हसली की तिला वाळूत बसावं लागलं. मग फोन हातात घेऊन म्हणाली, "तू खाल्लास की नाय? मीठ बरोबर होता ना?" आणि पुढचा अर्धा तास आम्ही तिघे निळा दोर गुंडाळत होतो आणि ती त्या फोनशी बोलत होती, आणि जेद्दा काय तो वाळूवर चार पावलांवर आला होता. त्या दिवशी अंगठ्याच्या फोनबद्दल मी एक शब्द परत घेतला. एकच. बाकीचे आहेत तिथेच.

खिळेही आहेत तिथेच. नझीर रोज येतो, बाकावर बसतो, पण फळी आटली असं म्हणत नाही. आता म्हणतो, खिळे झिजले. बाकी बंदराचं म्हणाल, तर नम्रता सांगते की नेपच्यूनपासून सूर्यापर्यंत यायला उजेडाला चार तास लागतात. माझा दोर अकरा वाव कमी भरल्याची बातमी भाट्यावरून मिरकरवाड्यात पोचायला चार मिनिटं लागली नव्हती, मी खाडीवरचा पूल ओलांडायच्या आत इथे लोक हसत होते. आणि माप बरोबर भरल्याची बातमी? तीन महिने झाले, अजून वाटेतच आहे. कालच धाकू आला, दहा वाव दोर मागितला, मी खिळ्यांवर मोजून दिला, तर हलेचना. म्हटलं, आता काय? म्हणतो, "शेट, नेपच्यूनचा वाव?"

म्हणजे दहावर एक फुकट, त्या आखडल्या दोराची भरपाई. सगळं बंदर मागतं, आणि मी देतो, कोणाकोणाशी भांडू? नम्रता म्हणते, बाबा, त्या शेजारच्या ताऱ्यापासून उजेड यायला सव्वाचार वर्षं लागतात, पण येतो हो नक्की. तेवढं थांबायची माझी तयारी आहे. वाव म्हणजे वाव... फक्त तोपर्यंत दहा म्हणजे अकरा.